आधी पाणी, मग मासा

मत्स्यालयाच्या दुकानात ऑस्कर नावाचा मासा विकायला ठेवलेला असतो, तेव्हा तो जेमतेम दोन इंचांचा असतो. काळसर अंगावर शेंदरी नक्षी, मोठे डोळे आणि काचेवर बोट टेकवले की बोटामागे येण्याची सवय. शेजारच्या पेटीतले गप्पी आणि मॉली माणसाची फारशी दखल घेत नाहीत, हा घेतो. मुलांना तो आवडला नाही तरच नवल. मग दोन फुटी काचपेटी, एअर पंप, स्पंजचा फिल्टर, खाद्याची पुडी आणि ‘जिवंत खाऊ’ म्हणून चार छोटे गोल्डफिश असा सगळा संसार एकाच संध्याकाळी घरी येतो. पेटी धुऊन, नळाचे पाणी भरून त्याच रात्री मासा आत सोडला जातो. तीन आठवड्यांनी तो पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडे टाकून धापा टाकू लागतो आणि एका सकाळी तळाशी आडवा पडलेला दिसतो. घरात चर्चा होते ती थंडीची, दृष्ट लागल्याची किंवा दुकानदाराने आजारी मासा गळ्यात मारल्याची. बहुतेक वेळा कारण वेगळेच असते. मासा स्वतःच्याच उत्सर्जनाने विषबाधा होऊन मेलेला असतो.

ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातला. शिकारी मासा म्हटले की लोकांना लचके तोडणारा पिरान्हा आठवतो; पण बहुसंख्य शिकारी मासे तोंडात मावेल ते अख्खे गिळणारे असतात. ऑस्कर, अरोवाना, गार, पीकॉक बास आणि आपल्या नद्यांतली मरळ हे सारे त्याच जातकुळीचे. (पिरान्हा म्हणून हौसेने आणलेला मासा पुष्कळदा त्याचा शाकाहाराकडे झुकलेला चुलत भाऊ पाकू निघतो. हाच पाकू आपल्या मासळी बाजारात ‘रूपचंद’ या नावाने विकला जातो.) नवशिक्याने यांपैकी एखादा मासा पाळायचे ठरवले तर ऑस्करपासून सुरुवात करणे चुकीचे नाही. तो काटक आहे, खाण्याचे नखरे कमी करतो आणि बाजारातली पिल्ले नदीतून पकडलेली नसून पैदास केंद्रात वाढवलेली असतात. तो माणूस ओळखायला शिकतो. पेटीतली मांडणी बदलली की रुसल्यासारखा एका कुशीवर पडून राहतो. नवख्या पालकांची अशा वेळी घाबरगुंडी उडते. कल्ल्यांची हालचाल संथ आणि नियमित असेल तर तो नुसताच रुसलेला आहे असे समजावे; कल्ले भराभर उघडमीट करत असतील तर मात्र पाणी तपासायला हवे.

अडचण आकाराची आहे. पहिल्या वर्षभरात तो आठ-दहा इंचांचा होतो, पूर्ण वाढ झाल्यावर फूटभर, आणि नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षे जगतो. ‘मासा पेटीच्या मापानेच वाढतो’ हे दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य आहे. त्यात अर्धसत्य एवढेच की लहान पेटीत त्याची वाढ खुंटते. कुपोषित मूल वयाच्या मानाने खुजे राहते, तेव्हा ते घराच्या मापाने वाढले असे कोणी म्हणत नाही.

एका ऑस्करसाठी किमान चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच पेटी लागते. म्हणजे नऊ घनफूट, सुमारे २५५ लिटर. पाण्याचे वजन लिटरमागे एक किलो. काच आणि रेती धरून हे प्रकरण तीनशे किलोंच्या घरात जाते. दूरचित्रवाणीसाठी केलेल्या फळीवर ते ठेवता येत नाही. भिंतीलगत, लोखंडी कोनांच्या भक्कम स्टँडवर आणि समपातळीत ठेवावे लागते. हे जमणार नसेल तर ऑस्करचा विचार सोडून दुसरा मासा शोधावा.

आता त्या विषाविषयी. प्रथिने पचली की शरीरात अमोनिया तयार होतो. माणसाचे यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. यकृताचा सिरोसिस झालेल्या रुग्णात ही यंत्रणा कोलमडते, रक्तात अमोनिया साचतो आणि रुग्ण बरळू लागतो, गुंगीत जातो. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात असे रुग्ण असतात. मासा हा सगळा खटाटोप करत नाही. तो अमोनिया थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. नदीत ते परवडते, कारण नदी तो वाहून नेते. काचेच्या पेटीत नेणारे कोणी नसते.

थोडे गणित केले की शिकारी माशांचा प्रश्न स्पष्ट होतो. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. मोठ्या ऑस्करला दिवसाला पाच ग्रॅम खाद्य घातले आणि त्यात ४० टक्के प्रथिने असली, तर दोन ग्रॅम प्रथिने, म्हणजे ३२० मिलिग्रॅम नायट्रोजन पोटात गेला. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपात बाहेर आला तरी १६० मिलिग्रॅम झाले. २५५ लिटरच्या पेटीत हे लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम, दोन फुटी, ५७ लिटरच्या पेटीत जवळपास २.८ मिलिग्रॅम, आणि तेही एका दिवसाचे. मत्स्यालयाच्या पाण्यात अमोनिया मोजता येण्याइतकाही नसावा, शून्य असावा, असा दंडक आहे. म्हणजे दोन फुटी पेटीतला मोठा ऑस्कर रोज आपल्याच पाण्यात विष कालवत असतो.

अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या आम्ल-विम्लतेवर, म्हणजे पीएचवर ठरते. पंचवीस अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की सुमारे पाच भाग विषारी होतात. बोअरवेलचे पाणी अनेकदा जड आणि अल्कलीयुक्त असते. त्यामुळे एका घरात तगलेला मासा तेवढ्याच अमोनियात दुसऱ्या घरात मरतो, आणि दोन्ही घरे आपापल्या अनुभवाची शपथ घेतात.

या विषावरचा उतारा निसर्गानेच दिला आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राईट करतात, दुसरे नायट्राईटचे नायट्रेट करतात. शेवटचा नायट्रेट बराच सौम्य. तो दर आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकता येतो. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, काचेवर वस्ती करतात. फिल्टर म्हणजे कचरा अडकवणारी गाळणी अशी समजूत आहे. त्याचे मोठे काम या वस्तीला जागा आणि वाहते, प्राणवायूयुक्त पाणी पुरवण्याचे आहे. पेटीचे यकृत म्हणायचे तर तो स्पंजच.

ही वस्ती एका रात्रीत उभी राहत नाही. चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आधी आणावी, पाणी भरून फिल्टर चालू करावा, आणि मासा न सोडता रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकत राहावे. ते कुजते, अमोनिया होतो, जिवाणूंना अन्न मिळते. दुकानांत पाणी तपासण्याचे किट मिळते. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राईट चढतो आणि उतरतो. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागला की घर तयार झाले. एखाद्या मित्राच्या जुन्या, निरोगी पेटीतला मळका स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. महिनाभर रिकामी पेटी पाहत बसणे मुलांना जड जाते, पण शिकारी मासा पाळण्यातला हाच सर्वांत महत्त्वाचा महिना आहे.

या मधल्या टप्प्यातला नायट्राईट डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप असे बदलतो की ते प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही. रक्त चॉकलेटी होते, लालचुटूक कल्ले तपकिरी दिसू लागतात आणि हवेचे बुडबुडे भरपूर असूनही मासा गुदमरतो. खतांचा नायट्रेट मुरलेल्या विहिरीचे पाणी वापरून केलेले वरचे दूध प्यायल्याने तान्ही बाळे निळी पडतात, ती याच प्रक्रियेने. अशा रुग्णाला रुग्णालयात मिथिलीन ब्लू शिरेतून देतात. गंमत अशी की तेच निळे औषध मत्स्यालयाच्या दुकानात बुरशीवर म्हणून मिळते आणि मासा मलूल दिसला की लोक ते मुख्य पेटीत ओततात. तिथे ते फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारते आणि मूळ दुखणे वाढवते. नायट्राईट वाढला असेल तर पाणी बदलावे आणि लिटरमागे एक ग्रॅम खडेमीठ विरघळवून घालावे. मिठातला क्लोराईड कल्ल्यांच्या दारातच नायट्राईटला अडवतो.

पाणी बदलणे म्हणजे सगळे उपसून पेटी घासून चकचकीत करणे नव्हे. आठवड्यातून एकदा चौथा ते तिसरा हिस्सा पाणी काढावे. नव्या पाण्यातला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने निघतो. ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून विकतात ते बहुधा हेच असते. स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात, म्हणून तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. वीज तासन्‌तास गेली तर मासा आणि जिवाणू दोघेही प्राणवायूवाचून तडफडतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा. आणि पेटीत हात घालण्याआधी सर्व प्लग काढावेत. मोठा ऑस्कर काचेचा हीटर धडक मारून फोडू शकतो. वायर सॉकेटपेक्षा खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर ठिबकते.

खाण्याच्या बाबतीत शिकारी माशांविषयीचा सर्वांत टिकाऊ गैरसमज म्हणजे त्यांना जिवंत मासेच हवेत. चार गोल्डफिश पेटीत सोडायचे आणि पाहुण्यांना तमाशा दाखवायचा, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. खाऊ म्हणून विकले जाणारे हे मासे दाटीवाटीत, हयगयीने ठेवलेले असतात आणि परजीवी व जिवाणू सोबत घेऊन येतात. शिवाय गोल्डफिश आणि त्याच्या कार्प कुळातल्या अनेक माशांच्या अंगात थायमिनेज नावाचे विकर असते. ते थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते. १९३०च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कातड्यासाठी कोल्हे पाळणाऱ्या एका फार्मवर कच्चा कार्प खाऊन कोल्ह्यांना लकवा मारू लागला, तेव्हा हे कोडे पुढे आले. माणसात याच जीवनसत्त्वाच्या अभावाने बेरीबेरी होतो, आणि दारूच्या आहारी गेलेल्या माणसाचा तोल व स्मृती जाते. रोज गोल्डफिशवर पोसलेला ऑस्कर भरल्या पोटी याच उपासमारीकडे जातो.

कोंबडीचे काळीज, खिमा हेही रोजचे अन्न नव्हे. उष्ण रक्ताच्या प्राण्यांची चरबी माशाला नीट पचत नाही आणि यकृतात साचत जाते. मांसाहारी माशांसाठी बनवलेल्या चांगल्या गोळ्या हा मुख्य आहार ठेवावा. अधूनमधून सोललेली कोळंबी, गांडूळ, नाकतोडा चालेल. लहान पिल्लाला दिवसातून दोनदा, पूर्ण वाढलेल्याला एकदा, आणि आठवड्यात एक दिवस लंघन. दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. ऑस्कर काचेशी येऊन शेपूट हलवत भीक मागतो, आणि घरातले प्रत्येक माणूस ‘बिचारा उपाशी आहे’ म्हणून आपापली चिमूट टाकते. नातवंडांच्या वजनाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या आजीआजोबांना हा प्रकार परका नसावा.

माशाच्या डोक्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडू लागले, तर त्यामागे बऱ्याचदा घाण पाणी आणि निकस आहार असतो. काही वेळा आतड्यातले परजीवीही असतात. इथे एक तक्रार नोंदवायला हवी. माशाला काहीही झाले की टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून पेटीत टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. निदान नाही, मात्रा नाही, मुदत नाही. ते पाणी शेवटी गटारात जाते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वॉर्डात येतात, ते अशाही वाटांनी तयार होतात.

आता माणसाच्या हाताकडे वळू. एखाद्या माणसाच्या बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी, लालसर-जांभळट गाठ येते. महिनाभर मलमे होतात. गाठ फुटते, भरत नाही, आणि मग हाताच्या वरच्या भागात एका रेषेत दुसरी, तिसरी गाठ उठते. कोणी याला बुरशी समजतो, कोणी संधिवात. असा रुग्ण आला की विचारायचा प्रश्न साधा असतो: घरी माशांची पेटी आहे का? मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयरोगाच्या जंतूचा भाऊबंद. १९२६ मध्ये जोसेफ ॲरॉनसन यांनी तो फिलाडेल्फियातील मत्स्यालयाच्या मेलेल्या माशांत शोधला. ते मासे खाऱ्या पाण्यातले असल्याने नावात समुद्र आला, पण तो गोड्या पाण्याच्या पेटीतही राहतो. त्वचेवरच्या खरचटीतून तो शिरतो आणि दोन-चार आठवड्यांनी, क्वचित कित्येक महिन्यांनी, गाठ दिसते. एवढ्या उशिरामुळे पेटी साफ करताना लागलेला ओरखडा रुग्णाला आठवतही नाही.

हा जंतू तीस अंशांच्या आसपास चांगला वाढतो. म्हणूनच तो हातापायांच्या थंड त्वचेत रेंगाळतो, सहसा फुप्फुसात जात नाही आणि एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही. याच कारणाने प्रयोगशाळेत नमुना नेहमीप्रमाणे ३७ अंशांना ठेवला तर तो उगवत नाही आणि अहवाल कोरा येतो. ‘मासे पाळतो’ ही माहिती डॉक्टरांनी प्रयोगशाळेपर्यंत पोचवावी लागते. उपचार आहेत, पण काही महिने चालतात. सूज स्नायुबंधाच्या आवरणात उतरली असेल आणि संधिवात समजून तिथे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले गेले, तर दुखणे फोफावते. संधिवातासाठी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी पेटीत हात घालूच नये. ते काम घरातल्या दुसऱ्या कोणावर सोपवावे. इतरांनीही हातावर जखम असेल तर कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पाणी काढताना नळीचे टोक तोंडात धरून ओढण्याची सवय सोडावी. ती ज्यांना नाही असे मत्स्यपालक विरळा. फिल्टर स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये, मुलांच्या आंघोळीच्या टबमध्ये तर नाहीच.

गोड्या पाण्यातली स्टिंग रे अलीकडे शौकिनांच्या घरी दिसते. तिच्या शेपटीवरचा काटा विषारी असतो आणि वेदना भयंकर होतात. हे विष उष्णतेने निकामी होते. म्हणून दंश झालेला हात सहन होईल इतक्या, म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या आत गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि रुग्णालय गाठावे. वेदनेने बधिरलेल्या हाताला तापमान कळत नाही, तेव्हा पाण्याचा अंदाज दुसऱ्या निरोगी हाताने किंवा दुसऱ्या माणसाने घ्यावा. नवशिक्याने हा प्राणी आणू नये, एवढे पुरे.

अरोवाना बरकत आणतो म्हणून घेतला जातो. दुकानात स्वस्तात मिळणारा रुपेरी अरोवाना तीन फुटांचा होतो आणि पेटीवर जड झाकण नसेल तर उडी मारून जमिनीवर येतो. आग्नेय आशियातला आशियाई अरोवाना तर दुर्मीळ वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या ‘साइटीस’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्रजाती बाळगणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक झाले आहे.

मासा मोठा झाला, पेटी पुरेना, की पुण्यकर्म म्हणून त्याला नदीत किंवा तलावात सोडले जाते. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात पाणवनस्पती काढताना ॲलिगेटर गार हा मगरीसारख्या जबड्याचा अमेरिकी मासा सापडला. हा मासा दोन मीटरहून लांब वाढतो. त्याची अंडी माणसाने खाल्ली तर विषबाधा होते. जाळ्यात काय आले हे न ओळखणाऱ्या घरात गाभोळी म्हणून ती शिजवली गेली तर काय होईल, याची कल्पना करावी. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी पेटी असलेल्या पालकाला द्यावा. विकत घेतानाच ‘मोठा झाल्यावर परत घ्याल का?’ असे विचारून ठेवलेले बरे.

ज्यांच्या घरात चार फुटी पेटीला जागा नाही आणि तरीही शिकारी मासाच हवा आहे, त्यांच्यासाठी पश्चिम घाटातल्या नद्यांत एक पर्याय आहे. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातला बुटका पफर, साडेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेर राहणारा, वाटाण्याएवढ्या अंगाचा पिवळा-हिरवा मासा. डोळे दोन्ही बाजूंना वेगवेगळे फिरवत तो भक्ष्य हेरतो. त्यालाही तयार केलेले पाणीच लागते, पण पन्नास-साठ लिटर पुरतात. दुसऱ्या माशांचे पर तो कुरतडतो, म्हणून त्याला वेगळेच ठेवावे. व्यापारासाठी नद्यांतून बेसुमार पकडला गेल्याने तो संकटग्रस्तांच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात गेला आहे. तेव्हा पैदास केलेलाच मिळतो का, हे आवर्जून पाहावे. कोरड्या गोळ्यांकडे तो सहसा ढुंकूनही पाहत नाही. गोठवलेल्या अळ्या आणि छोट्या गोगलगायी हे त्याचे अन्न. पफर माशांचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि शंख फोडताना झिजतात, त्यामुळे पेटीशेजारी गोगलगायींचीही एक बरणी सांभाळावी लागते.